गावातील बालसंरक्षण : उघड काय असावे, झाकलेले काय असावे

खेड्यात कोणतीही गोष्ट फार काळ लपून राहत नाही, असे म्हणतात. एखादी मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही, तर त्याचे कारण पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीत आणि पारावर शिक्षकाच्या आधी पोहोचते. परंतु त्याच गावात 'आपल्या बाल संरक्षण समितीत कोण आहेत, तिची मागील सभा केव्हा झाली, आणि एखाद्या मुलाविषयी काळजी वाटली तर पहिली सूचना कोणाला द्यावयाची' असे विचारल्यास उत्तर देणारा माणूस क्वचितच भेटतो. संकटात सापडलेल्या बालकाचे नाव झाकून ठेवावयास हवे, ते सर्वतोमुखी होते. रक्षणाची व्यवस्था सर्वांना ठाऊक असावयास हवी, ती मात्र दप्तरात बांधून ठेवलेली असते. ही उलटापालट दुरुस्त करणे हे बालसंरक्षणाच्या कामातील पहिले पाऊल होय.

या कामात प्राथमिक शिक्षकाचे स्थान विशेष आहे. गावातील प्रत्येक बालकाला रोज नावानिशी हाक मारणारा शासकीय माणूस तोच असतो. मूल गप्प झाले, अंगावर वळ दिसले, अभ्यासातून मन उडाले किंवा हजेरीपटावर अनुपस्थितीची खूण वाढत गेली, तर ते प्रथम त्याच्याच ध्यानी येते. यास्तव काय बोलावे आणि काय बोलू नये, याचा विवेक त्याच्या ठायी पक्का असावा लागतो.

व्यवस्था कोणती आहे

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली बालहक्कांची संहिता स्वीकारली व १९९२ साली भारताने तिला मान्यता दिली. पुढील काळात आपल्या देशात एकामागून एक कायदे झाले. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ हा १ नोव्हेंबर २००७ पासून अमलात आला. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती निर्माण केली व तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या जागी स्त्रिया असाव्यात, असा दंडक घातला. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम, जो 'पॉक्सो' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे.

या कायद्यांच्या जोडीला यंत्रणाही उभी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एक अध्यक्ष व चार सदस्य अशा पाच जणांची बाल कल्याण समिती असते. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार तिला आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष हे प्रत्यक्ष कामाचे कार्यालय होय. २००९ साली सुरू झालेल्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेने प्रत्येक गावी एक समिती असावी, असे ठरविले. सरपंच हे तिचे अध्यक्ष, आणि अंगणवाडी सेविका, आरोग्यसेविका, शिक्षक, गावातील जाणते नागरिक व दोन बालप्रतिनिधी हे तिचे सदस्य, अशी तिची कल्पना होती. ही योजना आता 'मिशन वात्सल्य' या नावाने चालू आहे. याखेरीज १०९८ हा विनाशुल्क दूरध्वनी रात्रंदिवस उपलब्ध असतो. ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली. २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेकडे आली व आपत्कालीन सेवेच्या ११२ या क्रमांकाशी जोडली गेली.

या रचनेकडे लक्षपूर्वक पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. शाळेच्या समितीत पालकांना बहुमत दिले आहे आणि गावाच्या समितीत खुद्द मुलांना आसन दिले आहे. बालकाचे रक्षण केवळ अधिकाऱ्यांच्या हातून होणार नाही, हे ही रचना करणाऱ्यांनी ओळखले होते. तथापि समिती कागदावर असून चालत नाही. ती लोकांना माहीत असली, तरच लोक तिच्याकडे येतील.

झाकलेले काय असावे

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा बालकाचे नाव, पत्ता, शाळा अथवा त्याची ओळख पटेल असा अन्य कोणताही तपशील वृत्तपत्रांतून वा संपर्काच्या इतर कोणत्याही साधनांतून प्रसिद्ध करता येत नाही. तसे करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पॉक्सो अधिनियमाचे कलम २३ याच स्वरूपाचे असून त्यात कुटुंबाचा तपशील, छायाचित्र व शेजार यांचाही उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ रोजी दिलेल्या निर्णयात, ज्यावरून दुरान्वयानेही ओळख पटेल अशी माहिती प्रसिद्ध करू नये, असे बजावले आहे.

शहरात नाव गाळले की बहुधा ओळख झाकली जाते. खेड्यात तसे होत नाही. 'चौथीतील, वरच्या वाडीतील, आजीकडे राहणारी' एवढे म्हटले की सारे गाव त्या मुलीच्या दारापर्यंत पोहोचते. म्हणून खेड्यातील शिक्षकाने इयत्ता, वस्ती, जात, वडिलांचा व्यवसाय व नातेसंबंध हे सर्व तपशील नावाइतकेच गोपनीय मानावेत. शिक्षकांच्या अथवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेली दोन ओळींची चौकशीही, मग ती कितीही सद्हेतूने केलेली असो, संपर्काच्या 'इतर साधनांत' मोडते.

बालकाच्या नावाबरोबर सूचना देणाऱ्याचे नावही झाकलेलेच राहिले पाहिजे. ठरलेल्या बालविवाहाची खबर कोणी दिली, हे गावात कळले की त्या माणसाला वाळीत टाकल्यासारखे वागविले जाते, आणि पुढच्या वेळी कोणीही तोंड उघडीत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे मुलाने सांगितलेल्या हकिकतीचा तपशील. जो तपशील पोलिसांपुढे व न्यायालयापुढे जावयाचा, तो समितीच्या सभेत चर्चेसाठी घेण्याचे काहीच कारण नाही.

गोपनीयतेचा हा आग्रह बालकाच्या पुढील आयुष्यासाठी आहे. ते मूल उद्या याच शाळेत येणार, याच रस्त्याने दुकानात जाणार, पुढे याच पंचक्रोशीत त्याचा संसार मांडला जाणार. घडलेल्या प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाची चर्चाच त्याला अधिक काळ छळते. लोकापवादाच्या या भीतीमुळेच अनेक घरांत मुलाला 'कोणाला सांगू नकोस' असे दटावले जाते.

उघड काय असावे

याउलट पुढील गोष्टी गावातील प्रत्येक माणसाला, विशेषतः प्रत्येक मुलाला, ठाऊक असावयास हव्यात.

पहिली गोष्ट, समिती आहे ही माहिती. सदस्यांची नावे, त्यांना भेटण्याची वेळ आणि १०९८ हा क्रमांक शाळेच्या, अंगणवाडीच्या व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगविलेला असावा. तो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. मोठ्या माणसाला वाचता येईल इतक्या उंचीवर लावलेला फलक पहिलीतील मुलाच्या उपयोगी पडत नाही.

दुसरी, सभेची तारीख. सभा केव्हा होणार हे आधी व केव्हा झाली हे नंतर लोकांना समजावे. सभा न झाल्यास तेही दिसून यावे. रिकामा राहिलेला रकाना ही समितीसाठी सर्वांत परिणामकारक आठवण असते.

तिसरी, कामाची संख्या. किती सूचना आल्या, किती पोलिसांकडे वा बाल कल्याण समितीकडे गेल्या, किती बालके शाळेत परत आली आणि सूचना मिळाल्यापासून पहिली कार्यवाही होण्यास किती वेळ लागला, हे आकडे वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे ठेवावेत. लहान गावात वर्षभरात एकच सूचना आली असेल, तर तेवढ्या आकड्यावरूनही लोक तर्क बांधतात. अशा वेळी शेजारच्या गावांसह केंद्राचा एकत्रित आकडा सांगणे श्रेयस्कर. आकडा कितीही असो, त्यामागील प्रकाराचे वर्णन करू नये.

चौथी, निर्णयाची रीत. सूचना आली म्हणजे काय होते, कोण कोणाला कळवितो, मुलाला कोण भेटतो, हे लोकांना पायरीपायरीने माहीत असावे. अनेक पालक तक्रार करण्यास धजत नाहीत, याचे कारण पुढे काय होईल हे त्यांना ठाऊक नसते. पोलीस ठाण्यात मुलाला रात्रभर बसवून ठेवतील, अशी भीती त्यांना वाटते. वस्तुतः पॉक्सो अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या ठिकाणी घ्यावयाचा असतो. शक्य तोवर उपनिरीक्षक दर्जाच्या स्त्री अधिकाऱ्याने तो घ्यावा, त्या वेळी अधिकारी गणवेशात नसावा आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवू नये, असेही त्यात म्हटले आहे. ही एवढी माहिती पालकसभेत सांगितली, तरी पुष्कळसे भय ओसरते.

उघड व झाकलेले यांतील भेद इतिवृत्ताच्या भाषेवरून सहज ध्यानात येईल. समजा, एका सभेच्या वहीत असे लिहिले : 'अमुक वाडीतील अमुक यांची सातवीतील मुलगी, तिच्या मामाविषयी तक्रार, चर्चा होऊन उभय बाजूंना समज दिली.' या एका वाक्यात तीन दोष आहेत. मुलीची ओळख उघड झाली, अपराधाची सूचना पोलिसांकडे गेली नाही, आणि न्यायनिवाड्याचा अधिकार नसलेल्या समितीने निवाडा केला. याऐवजी पुढीलप्रमाणे लिहिता येईल : 'एका बालकाविषयी सूचना प्राप्त. त्याच दिवशी पोलीस ठाण्यास लेखी कळविले. नोंद बंद पाकिटात, क्रमांक १. पुढील सभेत कार्यवाहीच्या स्थितीचा आढावा घेणे.' दुसरी नोंद ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविली, तरी कोणत्याही मुलाची मान खाली जाणार नाही आणि समितीने आपले कर्तव्य केले की नाही, हे प्रत्येकाला पारखता येईल.

इंग्लंडमधील एक उदाहरण

बालसंरक्षणाचे काम लोकांसमोर आणण्याचा प्रश्न आपल्याकडेच उद्भवला आहे, असे नाही. इंग्लंडमध्ये या प्रश्नाला एका दुःखद घटनेने चालना दिली. व्हिक्टोरिया क्लिंबिए ही मूळची आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशाची मुलगी. १९९९ च्या एप्रिल महिन्यात ती आपल्या वडिलांच्या आत्याबरोबर लंडनला आली आणि २५ फेब्रुवारी २००० रोजी, वयाच्या आठव्या वर्षी, छळामुळे मरण पावली. ती बाई व तिचा साथीदार यांना जन्मठेप झाली. शासनाने नेमलेल्या चौकशीचे प्रमुख लॉर्ड लेमिंग हे होते. साक्षी जाहीरपणे घेण्यात आल्या आणि २००३ च्या जानेवारीत अहवाल प्रसिद्ध झाला. मुलीला वाचविता येईल असे बारा प्रसंग येऊन गेले होते व ते सर्व वाया गेले, असा निष्कर्ष त्यात आहे. चार स्थानिक संस्थांचे समाजसेवा विभाग, पोलिसांची दोन पथके व दोन रुग्णालये यांचा तिच्याशी संबंध आला होता. तिचे नाव मात्र लंडनमधील कोणत्याही शाळेच्या पटावर नव्हते.

या अहवालातील आणखी एक बाब शिक्षकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. संकट प्रथम ओळखले, ते साध्या माणसांनी. एका दूरच्या नातेवाईक स्त्रीने कार्यालयास दूरध्वनी करून कळविले होते. मुलीला दिवसभर सांभाळणाऱ्या बाईच्या मुलीने तिला रुग्णालयात नेले होते. अखेरच्या दिवसांत एका भाड्याच्या मोटारीच्या चालकाला तिची अवस्था पाहवली नाही व त्याने गाडी थेट रुग्णवाहिकेच्या ठाण्याकडे वळविली. त्यांच्या सूचनेचे पुढे काय होते, हे पाहणारा कोणी नव्हता.

या घटनेनंतर केवळ नवा फलक लावून इंग्लंड थांबले नाही. २००४ साली तेथे नवा बालक अधिनियम झाला आणि त्यान्वये २००६ पर्यंत प्रत्येक विभागात स्थानिक बालसंरक्षण मंडळे स्थापन झाली. २००९ च्या कायद्याने या मंडळांत अधिकारी नसलेले, त्या भागातील किमान दोन सामान्य नागरिक घेणे आवश्यक ठरविले. मूल मृत्यू पावले वा गंभीर जखमी झाले असता होणाऱ्या चौकशीचा पूर्वी केवळ सारांश प्रसिद्ध होत असे. २०१० च्या जूनपासून ओळखीचे तपशील वगळून संपूर्ण अहवाल प्रसिद्ध करण्याचे धोरण आले. पुढे २०१७ च्या कायद्याने या मंडळांच्या जागी स्थानिक संस्था, आरोग्ययंत्रणा व पोलीस या तिघांची संयुक्त जबाबदारी आणली. रचना बदलत गेली, तरी चुकीची चौकशी लोकांसमोर यावी आणि बालकाचे खासगी जीवन मात्र झाकलेले राहावे, हे दुहेरी सूत्र कायम राहिले.

लोकांचा सहभाग कशासाठी

आपल्या गावाकडे वळल्यास लोकसहभागाचे प्रयोजन अधिक स्पष्ट होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या भागांत याची कारणे गावकऱ्यांना कोणत्याही अहवालापेक्षा अधिक ठाऊक असतात. मुकादम उचल देतो ती जोडीला, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. आईबाप फडावर गेले की वयात आलेली मुलगी घरी कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही चिंता उभी राहते. त्या चिंतेतून लवकर विवाह होतात व नवा कोयता तयार होतो.

अशा ठिकाणी केवळ कायद्याचा धाक दाखवून काम भागत नाही. दिवाळीपूर्वी शिक्षकाने हजेरीपटावरून स्थलांतर करू शकणाऱ्या कुटुंबांतील मुलांची संख्या काढावी व महिलांच्या सभेपुढे ठेवावी. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहेच. समजा, त्या सभेत 'यंदा गावातील पंधरा मुली व अठरा मुलगे मागे राहतील किंवा पालकांबरोबर जातील' एवढे सांगितले. नाव एकाचेही घेतले नाही. तरी हंगामी वसतिगृहाची मागणी करावयाची काय, ते चालविण्यास शाळा व्यवस्थापन समितीला कोणाचे साहाय्य लागेल, रात्री मुलींच्या सोबतीला कोण राहील, कोणत्या आजीच्या घरी किती नातवंडे आहेत व तिला कोणती मदत हवी, हे प्रश्न आपोआप चर्चेस येतात. ज्या बायका एरवी एखाद्या मुलीविषयी कुजबुजल्या असत्या, त्याच बायका सर्व मुलींच्या सोयीविषयी बोलू लागतात. लोकसहभाग म्हणतात तो हाच.

सूचना देण्याच्या कामीही लोकांचे डोळे उपयोगी पडतात. लग्नाचा मंडप ठरविणारा, पत्रिका छापणारा, वाजंत्रीवाला, एस. टी. चा वाहक, किराणा दुकानदार व आशा स्वयंसेविका यांना पुष्कळ गोष्टी अगोदर कळतात. ठरलेला बालविवाह थांबविण्यासाठी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमलेले असतात. आपल्या राज्यात गावपातळीवर हे काम ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, यांच्याकडे असते. वेळ असल्यास प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात, आणि तो मोडून केलेला विवाह कायद्याच्या दृष्टीने मुळातच रद्दबातल ठरतो. ही माहिती गावाला असेल, तर खबर अक्षता पडण्यापूर्वी येते.

मात्र सहभागालाही मर्यादा आहे. गावकऱ्यांनी पाहावे, कळवावे, मदत करावी व समितीला जाब विचारावा. त्यांनी तपास करू नये, आरोपीला बोलावून घेऊ नये आणि मुलाला चारचौघांत प्रश्न विचारू नयेत. लैंगिक अपराध 'आपसात मिटविण्याचा' अधिकार कोणत्याही बैठकीला नाही. घराण्याच्या अब्रूचे कारण सांगून असे मिटविणे म्हणजे पुढील बालकाला त्याच माणसाच्या हाती देणे होय. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाच्या आकडेवारीप्रमाणे अशा अपराधांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणी आरोपी हा बालकाच्या ओळखीचाच असतो. तडजोडीच्या बैठकीत बसणाऱ्यांतच त्याचे आप्त असतात, हे त्यावरून समजावे.

शिक्षकाचे कर्तव्य व शाळेची कसोटी

मूल विश्वासाने काही सांगू लागले, तर शिक्षकाने शांतपणे ऐकून घ्यावे. पुनःपुन्हा खोदून विचारू नये. 'मी कोणालाही सांगणार नाही' असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी 'ज्यांना सांगणे आवश्यक आहे, तेवढ्यांनाच सांगेन' असे म्हणावे आणि ते शब्दशः पाळावे. मुलाचे शब्द जसे उच्चारले तसेच, तारीख व वेळ घालून, लिहून ठेवावेत. नंतर विलंब न करता पोलिसांना कळवावे. पॉक्सो अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे अपराध झाल्याचे ज्ञात असलेल्या, किंवा तो होण्याची आशंका असलेल्या प्रत्येकावर हे बंधन आहे. कलम २१ प्रमाणे सूचना न देणारा शिक्षेस पात्र होतो. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील माणसाविषयी सूचना न दिल्यास शिक्षा एक वर्षापर्यंत आहे. सद्भावनेने सूचना देणाऱ्यावर मात्र दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे त्याच कायद्याने सांगितले आहे. आरोप सिद्ध करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ते तपासयंत्रणेचे व न्यायालयाचे आहे.

खरी कसोटी लागते ती बोट शाळेकडेच दाखविले जाते तेव्हा. अशा वेळी 'शाळेचे नाव जाईल' हा विचार प्रथम मनात येतो व दारे बंद होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे दोन चिमुकल्या मुलींवर शाळेत अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली. तक्रारीची दखल वेळेवर घेतली गेली नाही, अशी पालकांची भावना झाली आणि २० ऑगस्ट रोजी हजारो लोक रेल्वेमार्गावर उतरले. कित्येक तास गाड्या बंद राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. यातून घ्यावयाचा बोध असा की, लोकांचा सहभाग टाळता येत नाही. त्याला सभेत जागा दिली नाही, तर तो रस्त्यावर जागा शोधतो. रस्त्यावरील सहभागात संताप असतो, पण बालकाची ओळख जपण्याइतके भान तेथे उरत नाही.

म्हणून शाळेविषयीची तक्रार शाळेतच अडकून राहू नये, अशी वाट आधीच करून ठेवावी. तक्रारपेटी मुख्याध्यापकाने एकट्याने उघडू नये. ती ठरलेल्या दिवशी, शाळा व्यवस्थापन समितीतील पालक स्त्री व बाहेरची एक जबाबदार व्यक्ती यांच्या समक्ष उघडावी आणि किती चिठ्ठ्या निघाल्या ही संख्या फलकावर लिहावी. चिठ्ठीतील मजकूर मात्र संबंधितांखेरीज कोणाच्या दृष्टीस पडू नये. पेटी वर्षभर रिकामी निघाली, तर गाव सुरक्षित आहे, अशी समजूत करून घेऊ नये. पेटी शिक्षकांच्या खोलीसमोर टांगलेली आहे काय, चिठ्ठी टाकताना मूल सर्वांना दिसते काय, हे आधी तपासावे.

मुलांचा आवाज

गावाच्या समितीतील दोन बालप्रतिनिधी बहुधा नावापुरते राहतात. त्यांना सभेत हजर ठेवून गप्प बसविणे योग्य नव्हे. त्यांच्याकडून एखाद्या सवंगड्याचे नाव काढून घेणे त्याहून अयोग्य होय. त्यांना विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. शाळेत येताना वाटेवर कोठे भीती वाटते? स्वच्छतागृहाची कडी लागते काय? सुटी झाल्यावर कोणता कोपरा ओसाड असतो? मोठी माणसे कोणत्या शब्दांत बोलली की लाज वाटते? अशा प्रश्नांची उत्तरे मुले मोकळेपणाने देतात व त्यांतून गावाचा असा एक नकाशा तयार होतो, जो कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात नसतो. हा नकाशा ग्रामसभेत लावावा. ओसाड कोपऱ्यावर दिवा लागला व कडी बसली, म्हणजे आपल्या बोलण्याचा उपयोग होतो, हे मुलांना पटते. असे पटलेले मूल पुढे अवघड गोष्टही सांगण्याचे धैर्य करते.

शिक्षकाने वर्षाच्या आरंभी एक साधी परीक्षा घेऊन पाहावी. गावातील कोणत्याही पाच माणसांना व कोणत्याही पाच मुलांना विचारावे की, मुलाविषयी काळजी वाटल्यास सांगावयाचे कोणाला? दहांपैकी दहांना उत्तर देता आले, तर काम उघड आहे. नंतर त्यांनाच विचारावे की, गेल्या वर्षी समितीकडे कोणाच्या मुलाची गोष्ट गेली होती? या प्रश्नाला एकालाही उत्तर देता आले नाही, तर बालकही सुरक्षित आहे. ज्या गावात ही दोन्ही उत्तरे अशी मिळतील, तेथील बाल संरक्षण समिती खऱ्या अर्थाने गावाची झाली, असे समजावे.